पहिलं बाळंतपण, तीन हद्दी

देहू वेगळं आणि देहूरोड वेगळं, हे पुण्याबाहेरच्या माणसाला हमखास सांगावं लागतं. देहू तुकोबांचं, इंद्रायणीकाठचं. देहूरोड मात्र रेल्वे स्टेशनचं, जुन्या मुंबई-पुणे रस्त्याचं आणि लष्कराच्या डेपोचं. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास इथे लष्कराची कोठारं आली आणि त्यांच्यामागे कामगार, हमाल, दुकानदार आले. कुणी मद्रास इलाख्यातून, कुणी आंध्रातून, कुणी मराठवाड्यातून. २०११ च्या जनगणनेत कँटोन्मेंटची लोकसंख्या ४९ हजारांच्या घरात होती. बाहेरून आलेल्यांनीच वसवलेलं हे गाव आहे, त्यामुळे ‘परप्रांतीय’ हा शब्द इथे उच्चारताना जरा जपूनच उच्चारावा लागतो.

आज येणारी माणसं डेपोसाठी येत नाहीत. ती येतात चाकण, तळवडे, भोसरीच्या कारखान्यांसाठी आणि रावेत, किवळे, पुनावळ्याच्या वाढत्या इमारतींसाठी. बीड, लातूर, नांदेड, बुलडाण्याहून येतात, तशीच बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातूनही. मुलगा बावीस-तेविसाचा, ठेकेदाराकडे कामाला. आधी चार मित्रांत एक खोली, मग लग्न, मग दहा बाय दहाची स्वतंत्र खोली आणि वर्षभरात पाळणा. सासू गावी, आई गावी. बाळाला ताप आला तर विचारायला शेजारीण, आणि ती शेजारीणही वीस वर्षांचीच.

अशा जोडप्यासाठी सरकारकडे काय आहे? पुष्कळ आहे. अडचण वेगळीच आहे. मदत मिळणार की नाही, आणि किती, हे त्या बाईच्या गरजेवर फारसं ठरत नाही. ते ठरतं तिची खोली कोणाच्या हद्दीत आहे, तिच्या किंवा नवऱ्याच्या पगाराची नोंद कुठल्या वहीत आहे आणि तिच्या आधार कार्डावर कुठलं गाव छापलं आहे, यावर.

हद्दीपासून सुरुवात करू. देहूरोडची बाजारपेठ कँटोन्मेंट बोर्डाकडे, म्हणजे थेट संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत. थोडं पुढे किवळे-विकासनगर लागलं की पिंपरी-चिंचवड महापालिका सुरू. दुसऱ्या अंगाला मावळात शिरलं की ग्रामपंचायत आणि झेडपी. पायी तासाभरात या तिन्ही हद्दी ओलांडता येतात. भाडं पाचशेनं वाढलं म्हणून खोली बदलणाऱ्या जोडप्याला आपण हद्द बदलली हे कळतही नाही. दवाखाना बदलतो, अंगणवाडीचा प्रकल्प बदलतो, आशाताई बदलते. जननी सुरक्षा योजना २००५ साली आली. तिच्यात महाराष्ट्रासारख्या राज्यात दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातींच्या बाईला सरकारी दवाखान्यात बाळंत झाल्यावर ग्रामीण भागात ७०० रुपये आणि शहरी भागात ६०० रुपये मिळतात. रस्त्याच्या अलीकडे बाळंत झाली की पलीकडे, यावर शंभराचा फरक. या शंभरानं कुणाचं नशीब फिरत नाही, पण कारभाराची तऱ्हा कळते.

खरा फरक मात्र हद्दीतला नाही, नोकरीतला आहे. एकाच स्टेशनवर लोकलला चढणाऱ्या तीन गरोदर बाया डोळ्यांसमोर आणा. पहिली डेपोत केंद्र सरकारची नागरी कर्मचारी. तिला १८० दिवस भरपगारी रजा. शिवाय मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत कधीही घेता येईल अशी बालसंगोपन रजा, पूर्ण सेवाकाळात ७३० दिवस. तिच्यासारखीच नोकरी असलेल्या तिच्या नवऱ्यालाही १५ दिवस पितृत्व रजा.

दुसरी एमआयडीसीत, एका सुट्या भागांच्या कारखान्यात लाइनवर उभी असते. पगार पंधरा हजार. २१ हजारांच्या आत पगार म्हणून ईएसआय, म्हणजे राज्य कामगार विमा, लागू. पगाराचा पाऊण टक्का तिच्याकडून कापला जातो, सव्वातीन टक्के मालक भरतो. आधीच्या दोन अंशदान काळांत मिळून ७० दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर तिला २६ आठवडे पूर्ण पगाराइतका मातृत्व लाभ मिळतो. हिशेब करा: नव्वद हजारांच्या आसपास. चिंचवडला मोहननगरमध्ये ईएसआयचं रुग्णालय आहे, तिथे बाळंतपण फुकट.

तिसरी रावेतच्या एका साइटवर वाळू चाळते. तिच्या नावानं कुठेच काही कापलं जात नाही, म्हणून तिच्या नावानं कुठेच काही जमाही होत नाही. तिच्या वाट्याला येते प्रधानमंत्री मातृ वंदना योजना. रक्कम पाच हजार.

नऊ महिने तिघींचे सारखेच. रजेचे सहा महिने, नव्वद हजार आणि पाच हजार, हा फरक नोकरीच्या कागदानं पाडलेला आहे. दुसऱ्या बाईचंही सगळं सुरळीत असतं असं नाही. ठेकेदार बदलला, मध्ये ‘ब्रेक’ दिला, नव्या ठेकेदारानं जुना विमा क्रमांक न वापरता नवाच काढला, की ७० दिवस दोन क्रमांकांत विभागले जातात आणि दोन्हीकडे कमी पडतात. पोट दिसायला लागल्यावर ‘पुढच्या महिन्यापासून येऊ नका’ असं तोंडी सांगण्याची पद्धत तर जुनीच. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यानं गरोदरपणाच्या रजेत कामावरून काढायला मनाई केली, २०१७ च्या दुरुस्तीनं रजा २६ आठवडे केली, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत या तरतुदी सामावल्या गेल्या. कायदा पक्का आहे. पण काढून टाकल्याचा कागदच नसेल तर दाद कशाच्या आधारावर मागणार?

आता पाच हजारांची गोष्ट. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं प्रत्येक गरोदर आणि स्तनदा मातेला किमान सहा हजार रुपये देण्याचं वचन दिलं. सरकारी नोकरदार आणि इतर कायद्याखाली असाच लाभ घेणाऱ्या एवढ्याच काय त्या वगळल्या. कल्पना साधी होती: बाळंतपणात मजुरी बुडते, ती थोडी तरी भरून द्यावी. मानव विकास कार्यक्रमामुळे राज्याच्या मागास तालुक्यांत ‘बुडित मजुरी’ हा शब्दच रूढ आहे, आणि माझ्या मते या सगळ्या योजनांना तोच सर्वांत प्रामाणिक शब्द आहे. प्रत्यक्षात १ जानेवारी २०१७ पासून मातृ वंदना योजना देशभर लागू झाली तेव्हा सहाचे पाच झाले, आणि ‘प्रत्येक’ मातेची फक्त पहिल्या जिवंत अपत्याची माता झाली. २०२२ पासून नियम थोडे बदलले. पहिल्या बाळासाठी पाच हजार दोन हप्त्यांत: गरोदरपणाची नोंद आणि तपासणी झाली की तीन हजार, बाळाची जन्मनोंद आणि साडेतीन महिन्यांपर्यंतचं लसीकरण झालं की दोन हजार. दुसरं अपत्य मुलगी असेल तर एकरकमी सहा हजार. नवऱ्याच्या आधार कार्डाची सक्ती गेली, ही चांगली सुधारणा. एकट्या आईला तिचा मोठा आधार झाला.

तमिळनाडूत याच कामासाठी डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या नावानं राज्याची योजना आहे. तिच्यात रोख आणि पोषणाच्या पेट्या मिळून अठरा हजार रुपयांचा लाभ मिळतो. देहूरोडच्या तमिळ कुटुंबातली एक बहीण इथे बाळंत झाली आणि दुसरी वेल्लोरला, तर दोघींच्या हिशेबात तेरा हजारांचा फरक पडेल. मदत सशर्त असावी की नसावी, हा वादही जुना आहे. फिनलंडमध्ये १९३८ पासून नव्या बाळासाठी कपडे-दुपट्यांनी भरलेली पेटी दिली जाते. सुरुवातीला ती गरीब घरांनाच मिळे, १९४९ पासून सगळ्यांना मिळू लागली. अट एकच, दिवस गेल्यावर वेळेत तपासणीला यायचं. आपल्याकडची पहिली अट तीच आहे. फरक पडतो तो अट पाळल्यानंतर.

इथे एक अगदी आपली मराठमोळी अडचण येते. पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात ओटीभरण झालं की मुलगी आईकडे जाते आणि बाळ तीन-चार महिन्यांचं झाल्यावर परत येते. म्हणजे गरोदरपणाची नोंद देहूरोडच्या दवाखान्यात, बाळंतपण गेवराईच्या सरकारी रुग्णालयात, जन्माचा दाखला तिथल्या नगरपरिषदेचा, दीड महिन्याची लस आजोळी, साडेतीन महिन्यांची पुन्हा इकडे. या सगळ्या प्रवासात कुटुंबाच्या हातात एकच गोष्ट असते: माता व बाल संरक्षण कार्ड. घडीचं, पुठ्ठ्यासारखं कार्ड. आत बाळाच्या वजनाचा आलेख, हिरवा, पिवळा, लाल पट्टा. लसींच्या तारखांचे चौकोन. वर कुठेतरी पेनानं लिहिलेला आरसीएच नंबर. हा नंबर म्हणजे त्या बाईच्या गरोदरपणाची सरकारदरबारी ओळख. कार्ड गावी ट्रंकेत राहिलं, की इकडच्या नर्सला नव्यानं नोंद करावी लागते, आणि एकाच बाईच्या दोन नोंदी झाल्या की हप्ता अडकतो.

पैसे अडकण्याची दुसरी जागा बँक. हप्ता खाते क्रमांकावर जात नाही, आधारशी जोडलेल्या खात्यावर जातो, आणि खाती अनेक असतील तर जे शेवटी जोडलं त्याच्यावर. लग्नाआधी माहेरी उघडलेलं जनधन खातं, कंपनीनं पगारासाठी काढून दिलेलं खातं, रिचार्जच्या दुकानात अंगठा लावून उघडलेलं तिसरंच. पैसे ‘आलेच नाहीत’ अशी तक्रार असते तेव्हा ते कित्येकदा आलेले असतात, भलत्याच खात्यात. म्हणून आशाताईकडे फॉर्म देण्याआधी आपल्या आधारला कुठली बँक जोडलेली आहे हे एकदा तपासून घ्यावं. त्यात आधारवर माहेरचं आडनाव आणि कार्डावर सासरचं असेल, तर आणखी एक फेरी.

काही मदत मात्र माणसाबरोबर चालते. रेशनचं उदाहरण घ्या. ऑगस्ट २०१९ मध्ये ‘एक देश, एक रेशन कार्ड’ची चाचणी महाराष्ट्र-गुजरात आणि आंध्र-तेलंगणा या दोन जोड्यांपासून सुरू झाली. २०२२ च्या जूनमध्ये आसाम सामील झाल्यावर ती देशभर पोहोचली. दरभंग्याचं कार्ड असलेला माणूस देहूरोडच्या दुकानात अंगठा लावून आपल्या वाट्याचं धान्य उचलू शकतो, आणि त्याच कार्डावर गावातली आई तिच्या वाट्याचं. माणशी पाच किलो, २०२३ पासून फुकट. लसीकरणाला पत्ता लागत नाही. सरकारी रुग्णालयातलं बाळंतपण २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार मोफतच करायचं असतं. सिझेरियन, औषधं, रक्त, तपासण्या, जेवण आणि घरी सोडायला गाडी, सगळं त्यात आलं. शाळेत दाखला नाही, जन्मतारखेचा कागद नाही म्हणून मुलाला परत पाठवता येत नाही, हे शिक्षण हक्क कायदा २००९ पासून सांगतो आहे.

काही योजना मातीला बांधलेल्या. मुलगी जन्मली की टप्प्याटप्प्यानं एकूण १ लाख १ हजार रुपये देणारी लेक लाडकी योजना १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलींसाठी आहे, पण कुटुंब महाराष्ट्राचं रहिवासी आणि रेशन कार्ड पिवळं किंवा केशरी हवं. लाडकी बहीण योजनेतही रहिवासाचा पुरावा लागतो. राज्याच्या तिजोरीतला पैसा राज्यातल्या लोकांना, हा युक्तिवाद समजण्यासारखा आहे. पण दहा वर्षं इथल्या पाळ्या करणाऱ्या बिहारी जोडप्याची देहूरोडला जन्मलेली मुलगी कुठली? तिचा जन्मदाखला इथला, भाषा अर्धी इथली. मला वाटतं, आईबापाचा पत्ता बघून ठरवण्याऐवजी जिथे जन्म झाला त्या दाखल्यावर ही योजना चालवणं अवघड नाही.

महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात फिरणाऱ्यांचंही तसंच आहे. महिला व बालविकास विभागानं २०२१ साली स्थलांतर नोंदीची यंत्रणा, म्हणजे एमटीएस, सहा जिल्ह्यांत सुरू केली: अमरावती, चंद्रपूर, गडचिरोली, जालना, नंदुरबार आणि पालघर. पुढे ती राज्यभर नेण्याचं ठरलं. गरोदर बाई किंवा लहान मूल गाव सोडून गेलं की तिथल्या अंगणवाडीनं नोंद करायची आणि पोहोचलेल्या ठिकाणच्या अंगणवाडीनं ती उचलायची. कल्पना उत्तम. पण ऊसतोडीला जाणारं कुटुंब ठरलेल्या महिन्यात जातं आणि ठरलेल्या महिन्यात परत येतं. कारखान्याच्या पट्ट्यातलं जोडपं तसं जात नाही. ते कधीही जातं, आणि गावच्या अंगणवाडीला सांगून तर कोणीच जात नाही.

वयाचा प्रश्नही टाळता येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. बीड-परभणीसारख्या जिल्ह्यांत हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या वर होतं, आणि या पट्ट्यात येणारी बरीच कुटुंबं तिथलीच. अठराच्या आतली आई मातृ वंदनेत बसत नाही. शिवाय पोक्सो कायद्यानुसार अशा गरोदरपणाची माहिती पोलिसांना देणं डॉक्टरवर बंधनकारक आहे, आणि ऑक्टोबर २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर नवऱ्यालाही लग्नाची ढाल उरलेली नाही. कायदा योग्यच आहे. पण परिणाम असा की सतरा वर्षांची मुलगी दवाखान्यात वय एकोणीस सांगते किंवा जातच नाही. जिला पहिल्या महिन्यापासून तपासणीची सर्वांत जास्त गरज, तीच वहीबाहेर राहते. यावर उपाय लग्नाआधी करायचा असतो. दवाखान्याच्या दारात त्याला उशीर झालेला असतो.

मातृत्वाचा खर्च कुणी सोसायचा, हा प्रश्न मुंबई इलाख्याच्या विधिमंडळात १९२८ सालीच निघाला होता. मातृत्व लाभाच्या विधेयकावर त्या जुलैत डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. त्यांचा मुद्दा असा होता की हा बोजा मुख्यतः सरकारनं उचलायला हवा, कारण लोकांचं कल्याण जपणं हे राष्ट्राचं काम आहे. पण सरकार तो उचलत नाही तोवर बाईच्या श्रमाचा फायदा घेणाऱ्या मालकानं त्याचा भार घ्यावा. पुढच्या वर्षी मुंबईचा मातृत्व लाभ कायदा झाला, देशातला पहिला. याच बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. त्या धम्मभूमीवर दरवर्षी मोठी गर्दी लोटते. १९२८ चं ते भाषण तिथल्या पुस्तकांच्या स्टॉलवर खंडांत मिळतं, आणि ते वाचल्यावर आजच्या योजना त्या दोन उत्तरांमध्येच कुठेतरी लोंबकळताना दिसतात: मालक संघटित असेल तर ईएसआय, नसेल तर सरकारचे पाच हजार.

या सगळ्याचं खरं दार म्हणजे अंगणवाडी. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला देशभरातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये आदेश दिला की चाळीस मुलं असलेल्या वस्तीनं मागितली तर अंगणवाडी द्यायचीच. नियमानुसार गरोदर आणि स्तनदा मातेला दिवसाला ६०० उष्मांकांचा, तर सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळाला ५०० उष्मांकांचा आहार मिळतो, वर्षात ३०० दिवस. लहानग्यांना पाकिटं, मोठ्यांना गरम जेवण. पाकिटांच्या चवीबद्दल राज्यभर बोंब आहे, आणि ती खोटी नाही.

पाकिटं वाटतानाचं दृश्य पाहण्यासारखं असतं. जुलै २०२५ पासून पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर चेहरा ओळखल्याशिवाय वाटप नोंदवता येत नाही. अंगणवाडीताई मोबाइल धरते, समोरची बाई बाळाला कडेवर घेऊन डोळे मिचकावते, रेंज जाते, पुन्हा मिचकावते. आधारवरचा फोटो लग्नाआधीचा, नंबर भावाच्या मोबाइलचा, तो गावी. ओटीपी त्याला जातो आणि तो पाळीवर असतो. ताई पत्त्याबद्दल कुरकुर न करता रजिस्टरात नाव लिहून घेते, पण मोबाइल तिचं ऐकत नाही. याच पोषण ट्रॅकरच्या इंग्रजी पडद्याला आणि तकलादू फोनला कंटाळून २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यभरच्या सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले होते. त्या स्वतः मानधनावर. २०२३ च्या ४ डिसेंबरपासून त्यांनी सुमारे पन्नास दिवस संप केला तेव्हा आहार, वजन, नोंदी, सगळं थांबलं. दुसऱ्याच्या मुलाचं पोषण जिच्यावर सोपवलं आहे, तिला सरकार कर्मचारी म्हणत नाही. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना ग्रॅच्युइटी लागू आहे असं सांगितलं, एवढी एक पायरी त्या चढल्या.

आणि मुलाला दिवसभर सांभाळायचं कुणी? ‘पाळणा’ नावाची केंद्राची योजना आहे, अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं धोरण आहे. प्रत्यक्षात पुण्याच्या बांधकामांवर ‘तारा मोबाइल क्रेशेस’सारखी संस्था पाळणाघर चालवते तिथे मूल सावलीत असतं. बाकी साइटवर साडीची झोळी आणि वर पत्रा.

बांधकामावरच्या त्या तिसऱ्या बाईकडे पुन्हा वळू, कारण तिच्यासाठी पाच हजारांहून मोठी मदत आहे आणि तीच सर्वांत कमी पोहोचते. १९९६ च्या कायद्यानं सुरू झालेला, बांधकामाच्या खर्चाच्या एक टक्का उपकर गोळा होतो. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ त्यातून नोंदीत कामगार बाईला किंवा नोंदीत कामगाराच्या बायकोला, दोन अपत्यांपर्यंत, नैसर्गिक बाळंतपणाला १५ हजार आणि सिझेरियनला २० हजार रुपये देतं. रहिवासाची वर्षं मोजली जात नाहीत. बिहारचा असो की बीडचा, कामगार असला की झालं. वय १८ ते ६० आणि वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला, एवढंच मुख्य. सगळं अडतं त्या दाखल्यावर. मुकादम म्हणतो ठेकेदार देईल, ठेकेदार म्हणतो बिल्डर, आणि बिल्डरच्या ऑफिसात कामगाराला आत कोण सोडतो? मग एजंट दाखला ‘करून देतो’ आणि पंधरातले काही हजार आधीच ठरवून घेतो. उपकराचे हजारो कोटी राज्याराज्यांत पडून आहेत म्हणून सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली सरकारांना चांगलंच सुनावलं होतं.

त्या एक टक्क्याचा भार शेवटी फ्लॅटच्या किमतीत, म्हणजे घर घेणाऱ्यावरच येतो. तेव्हा सोसायटीचं काम निघालं, घराला मजला चढवला, रंगकाम-फरशीकाम मोठ्यावर दिलं, की ठेकेदाराशी करार करतानाच एक ओळ घाला: कामावरच्या प्रत्येक माणसाला ९० दिवसांचा दाखला द्यायचा, शेवटचं बिल त्यानंतर. दाखल्याला ठेकेदाराची सही आणि शिक्का लागतो, खर्च काही नाही.